उपाशाची गोळी

समुद्रपूरच्या बस स्टँडसमोर ताराचंद शेठचं मेडिकल आहे. दुकान शेठचं असलं तरी गावाच्या लेखी ते मंजुषाचं. गेली चौदा वर्षं काउंटरमागे तीच उभी असते, आणि ती दिसायच्या आधी ऐकू येते.

“पिवळी गोळी म्हनता, पन कोनती पिवळी? माह्या दुकानात दीडशे पिवळ्या गोळ्या हाये, काका. डोळे मिटून काढू काय एखादी?”

काका ओशाळतात, खिशातून घड्या पडून चिंध्या झालेली चिठ्ठी काढतात आणि निमूट पुढे करतात.

मंजुषा झाडेला राग लवकर येतो हे तालुक्याला माहीत आहे आणि तिलाही ते मान्य आहे. तिला चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचा राग येतो, कारण त्यांचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरलाही लागत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या त्या पातळ कागदाचा तर फारच राग येतो. मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं, आणि वाचणार कोण, तर मांडगावचा मोतीबिंदू झालेला म्हातारा! “हे कागद रोग्यासाठी नाई छापत, कोर्टासाठी छापतात,” असं ती शेठला ऐकवते. शेठचं म्हणणं एकच, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलावं. ते काही तिला जमलं नाही.

तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. बाकीची दुकानं गोळ्या पिशवीत कोंबून हातात देतात. मंजुषा प्रत्येक पाकिटावर जाड मार्करनं लिहायची आणि पिशवी देताना एकेक पाकीट वर धरून सांगायची, “हे उपाशाची. हे जेवनाची. हे झोपाची.” मागे दहा माणसं ताटकळलेली, समोर बस सुटायच्या बेतात, आणि तेवढ्या वेळात डोक्यात बसेल असं हे तीन शब्दांचं सांगणं तिनं स्वतः बसवलेलं होतं. त्याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान झाकून ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता.

दरवर्षी बचत गटाच्या बायका तिला औषधांवर बोलायला बोलावत. ती जायची आणि रंगवून रंगवून किस्से सांगायची. वाफाऱ्याची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारा मास्तर, कानात टाकायचं औषध तीन दिवस चमच्यानं पिणारा पाटील, तापमापी दुधात बुडवून बघणारी सासू. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. सगळ्यात पुढे बसून पदरानं डोळे पुसत हसायची ती विमलाकाकू. शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायची, “आमची मंजू हाये ते. आमच्या गिरडची.”

विमलाकाकूचं घर आणि मंजुषाचं माहेर यांच्यामध्ये एकच भिंत. बारावी झाल्यावर मंजुषाच्या बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली, तेव्हा भिंतीपलीकडून काकू आली आणि यांच्या ओट्यावर बसली. “पोरगी वर्ध्याले शिकाले जाईन. तुमी हो म्हनेपर्यंत मी इथून उठत नाई.” दुपारची बसली ती दिवे लागले तरी उठेना. शेवटी बाबा वैतागून हो म्हणाले. मंजुषा औषधशास्त्राची पदविका घेऊन आली ती त्या बैठकीमुळं, आणि हे ती कुणालाही सांगताना अडखळत नाही.

काकूची स्वतःची शाळा दुसरीपर्यंत. सही येते, बसची पाटी वाचता येते आणि वर्षभराचे उपास तोंडपाठ. सोमवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, प्रदोष, शिवाय मध्येच कुणासाठी तरी धरलेले गुरुवार. किसनराव, तिचा नवरा, म्हणायचा, “हिच्या कॅलेंडरात जेवाचे दिवस लाल शाईनं छापले पायजे.”

तीन वर्षांपूर्वी काकूला थकवा येऊ लागला. चेहरा सुजल्यासारखा, केस विंचरले की हातात, उन्हाळ्यातही अंगावर चादर. समुद्रपूरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईड निघाला. बीपीही वाढलेला होता. त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक थायरॉईडची, रोज सकाळी, पोट रिकामं असताना. दुसरी बीपीची, रोज, खाणं झाल्यावर. हे सगळं चिठ्ठीवर इंग्रजीत. तोंडानं ते एवढंच म्हणाले, “मेडिकलवाली सांगेल.”

मेडिकलवालीनं सांगितलं. बाटली वर धरली. “काकू, हे पाय. हे उपाशाची.” मग पाकीट वर धरलं. “आन् हे जेवनाची. चुकवजो नोको.”

“नाई चुकवत वं माय,” काकू म्हणाली आणि बस पकडायला पळाली.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा होता तिथंच. डॉक्टरांनी पन्नासच्या जागी पंच्याहत्तरची गोळी दिली. मग शंभरची. मग सव्वाशेची. दर वेळी नवी बाटली, आणि दर वेळी डॉक्टरांची नजर जास्त संशयी. डॉक्टर वयानं काकूच्या धाकट्या लेकापेक्षाही लहान, पण बोलायचे अरे-तुरेत.

“गोळ्या खातेस की फेकून देतेस?”

“खाते न साहेब. आमच्या गिरडच्या फरीदबाबाची शपथ. एक उपास नाई चुकवला म्या.”

“उपासच करत बस तू,” डॉक्टर म्हणाले, हसले, आणि दीडशेची लिहिली.

हे काकूनंच काउंटरवर येऊन सांगितलं, तेही हसत. मंजुषा भडकली. “तू म्हनला? तुले? त्याची माय तुह्या वयाची असन! थांब, आज त्याची चिठ्ठीच वापस पाठवते.” काकूनं तिला कसंबसं शांत केलं. मंजुषाचा सगळा राग त्या ‘तू’वर निघाला. काकूच्या वाक्यातलं बाकी काहीच तिच्या कानात शिरलं नाही. कानाला काय झालं होतं कोण जाणे.

तिसऱ्या वर्षी श्रावण दोन आले. आधी धोंड्याचा, मग खरा. काकूनं महादेवाला नवस बोलून दोन्ही महिने धान्य सोडलं. भगर, केळी, दूध आणि साबुदाण्याची उसळ, यावर साठ दिवस. नवस कशासाठी, तर थायरॉईड जाऊ दे म्हणून. लोकांनी समजावलं, मंजुषानं फोनवर दटावलं. काकूचं उत्तर ठरलेलं, “उपासाच्या दिवशी मले हुशारी वाटते. तुमाले का समजते?”

दुसरा श्रावण लागला तशी काकू झरझर वाळत गेली. पाणी प्यायला पेला उचलला की हात थरथरायचा. झोप उडाली. छातीत धडधड व्हायची, इतकी की किसनरावला शेजारी पडल्या पडल्या जाणवायची. किसनराव म्हणाला, उपासाचा अशक्तपणा. शेजारपाजार म्हणाला, उपासाचा अशक्तपणा. पोळ्याला चार दिवस राहिले असताना ती तपासणीसाठी गिरडहून बसनं निघाली आणि समुद्रपूर यायच्या आत सीटवर कलंडली. ड्रायव्हरनं गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेऊन लावली. बीपी दोनशे दहा, नाडी मोजता येऊ नये इतकी वेडीवाकडी, आणि उजवा हात उचलला जात नव्हता. तिथून तिला वर्ध्याला हलवलं. मंजुषानं काउंटरवर पडलेल्या चिठ्ठ्या तशाच टाकल्या आणि मागून निघाली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरात असतील नसतील तेवढी औषधं आणायला सांगितली. किसनराव बायकोच्या उशापासून हलायला तयार नव्हता, म्हणून मंजुषाच गिरडला गेली. देवघराखाली स्टीलचा डबा होता. तिनं झाकण काढलं आणि तिचा विश्वासच बसेना. आत पाच बाटल्या. पन्नासची अर्ध्याहून जास्त भरलेली. पंच्याहत्तरची तशीच, शंभरची तशीच, सव्वाशेचीही तशीच. दीडशेची तेवढी तळाला गेलेली. बीपीच्या गोळ्यांची जी पाकिटं तिनं गेले दोन महिने किसनरावच्या हाती पाठवली होती, ती शिवलीसुद्धा नव्हती.

मंजुषानं झाकण दाबून बसवलं. मग तिचं डोकं सणकलं. तीन वर्षं ही बाई तोंडावर धडधडीत खोटं बोलली! शपथा काय, बाबाचं नाव काय! आपण हिच्यासाठी डॉक्टरांशी भांडलो, दर महिन्याला आठवणीनं गोळ्या पाठवल्या, आणि हिनं त्या देवाखाली पुरून ठेवल्या! वर्ध्याच्या बसमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि काकूला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होती. शेजारच्या बाईनं डब्यात काय आहे म्हणून विचारलं तर तिच्यावरही खेकसली.

काकूला शुद्ध होती. तोंड एका बाजूला जरा ओढलं गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. मंजुषानं डबा पलंगावर आदळला.

“खोटं काऊन बोलली तू मले? भरल्या बाटल्या हाये ह्या! तीन वर्षं गोळ्या खाते म्हनून सांगून राह्यली!”

काकूनं बाटल्यांकडे पाहिलं, मग मंजुषाकडे. तिला प्रश्नच कळला नाही.

“खोटं कायचं वं? सोमवार नाई चुकवला, एकादशी नाई चुकवली. उसळ खाल्ली का वरून गोळी. तूच त सांगतलं, हे उपाशाची, हे जेवनाची. उपासाले हे घेतली, जेवाच्या दिवशी ते घेतली. श्रावनात त रोज घेतली.” तिला धाप लागली, तरी ती बोलत राहिली. “जेवनाची तेवढी नाई घेतली. दोन महिने जेवलीच नाई, त कशी घेऊ?”

मंजुषानं दीडशेची बाटली उचलून पाहिली. काय घडलं होतं ते तिला आता एकेका दिवसानिशी दिसायला लागलं. आठवड्यातून दोन-तीन उपास, म्हणजे थायरॉईडची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा, तीही उसळीनंतर. आकडा खाली येणार कुठून? डॉक्टर गोळी वाढवत गेले. मग दोन श्रावण आले आणि वाढवून वाढवून दीडशेवर नेलेली गोळी त्या मूठभर वजनाच्या बाईच्या पोटात जवळपास दोन महिने रोज गेली, आणि बीपीची एकही गेली नाही. हृदय बिचारं किती धावणार? काकूनं काहीही चुकवलं नव्हतं. जे कानावर पडलं ते तिनं अक्षरशः पाळलं होतं. समुद्रपूर तालुक्यात इतकं सांगितल्याबरहुकूम औषध घेणारा दुसरा रोगी मंजुषानं पाहिला नव्हता.

आणि ‘उपाशाची’ हा शब्द डॉक्टरांचा नव्हता, कंपनीचा नव्हता, त्या मुंगीच्या पायांच्या कागदावरचाही नव्हता. मंजुषाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले, मागे सात-आठ शिकणारी मुलंमुली. बाटल्या आणि गोळ्या कशा घेतल्या गेल्या ते मंजुषानं रात्रपाळीच्या सिस्टरला सांगून ठेवलं होतं, ते केसपेपरवर आलं होतं. डॉक्टरांनी वाचलं आणि मान हलवली.

“बघा. उपासाच्या दिवशी थायरॉईडची गोळी! अशा अडाणी लोकांना तुम्ही उद्या ट्रीट करणार आहात.”

मुलं हसली. फार दुष्टपणानं हसली असं नाही. बचत गटाच्या बायका हसायच्या तशीच, किस्सा ऐकल्यावर माणूस हसतो तशी. मंजुषाला ते हसणं चांगलं ओळखीचं होतं. आजवर ते तिनं स्वतः पिकवलं होतं, आणि आज पलंगावर पडून ते ऐकणारी विमलाकाकू होती.

“अडाणी कोन?” तिचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. “तिले काय झालं, ते तिले कळन असं सांगतलं काय कोनी कालपासून? तुमी सांगा न आता, साहेब. मराठीत सांगा.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “पेशंटला एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यातून एम्बोलिक—”

“हे मराठी हाये काय?”

डॉक्टरांनी केसपेपर चाळला. मागून एक मुलगी जरा पुढं आली. “आजी, तुमच्या हृदयाचा ठोका बिघडला. त्यामुळं रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत जाऊन अडकली.”

काकूनं जड जिभेनं विचारलं, “गुठळी म्हंजे? पिठल्यात होते तशी?”

“हो आजी. तशीच. रक्तात.”

“अस्सं,” काकू म्हणाली. तिला कळलं. दोन वाक्यं लागली, अर्धं मिनिटही लागलं नाही. मंजुषाला वाटलं, या जगाला चांगलं खडसावून विचारावं, अर्धं मिनिट कुणाजवळच नव्हतं का रे?

पण विचारलं डॉक्टरांनीच. केसपेपर मिटत ते म्हणाले, “एक सांगा, उपासाला घ्यायची गोळी असं हिला सांगितलं कोणी?”

मंजुषाच्या तोंडातला शब्द तोंडात राहिला. जी बाई बस स्टँडच्या गर्दीत कुणाचीही भीड ठेवत नाही, तिनं खाली फरशीकडे बघितलं. दुकान दिसलं, शेठ दिसला, परवाना दिसला, चौदा वर्षांचं नाव दिसलं.

“कोनी नाई साहेब,” काकू पलंगावरून म्हणाली. “मलेच कमी ऐकू येते.”

डॉक्टरांनी ‘बघितलंत?’ अशा नजरेनं मुलांकडे पाहिलं आणि पुढच्या पलंगाकडे वळले. काकूनं मंजुषाकडे पाहिलं नाही.

पंधरवड्यानं काकू घरी गेली. थायरॉईडची गोळी काही दिवस बंद करून आता पुन्हा पन्नासचीच दिली होती. बीपीची होती. आणि एक नवी, रक्त पातळ ठेवणारी. ही शेवटची चुकली तर पुन्हा गुठळी होईल, आणि पुढच्या झटक्याला हातावर निभावेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी किसनरावला बजावलं होतं.

आठच दिवसांत किसनरावचा दुकानात फोन आला. “मंजू, तुही काकू एक बी गोळी घेऊन नाई राह्यली. ज्यानं हात गेला ते मले नोको म्हनते. पोरं बोलली, म्या हात जोडले, आयकतच नाई. आता तूच काई करशीन त कर.”

दुपारच्या बसनं मंजुषा गोळ्यांची पिशवी घेऊन गिरडला उतरली. काकू ओट्यावर बसली होती. पुढ्यात कापूस होता आणि ती डाव्या हातानं मांडीवर वात वळायचा प्रयत्न करत होती. वात वळत नव्हती, कापूस नुसता पसरत होता. किसनराव बाजेवर बसून दुसरीकडे बघत होता. उजवा हात काकूच्या मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडला होता.

मंजुषा बसली आणि सवयीनं तिनं पाकीट वर धरलं. “काकू, हे पाय. हे—”

“ठेव तिथं,” काकू म्हणाली. तिचा असा आवाज मंजुषानं आयुष्यात ऐकला नव्हता. “हे कोनत्या दिवसाची? अमावास्येची काय?”

मंजुषाचा हात खाली आला. बसमध्ये तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. डॉक्टरांची चूक, चिठ्ठीची चूक, मग सगळ्यांच्या मागे आपली. ते सगळं तिनं सोडून दिलं.

“काकू, चूक माही होती. मी तसं सांगतलं तुले. आन् डॉक्टरापुढं म्या तोंड नाई उघडलं.”

“मालूम हाये मले.” काकूनं कापूस बाजूला सारला. “माह्या कानाले काई नाई झालं. मले सारं आयकू येते. त्या पोट्ट्यायचं हसनं बी आयकू आलं. डॉक्टर सांगते, तू सांगते, हे सांगतात, तीन वर्षं सारे मले सांगूनच राह्यले. मले कोनी इचारलं काय, का बाई, तुले काय समजलं म्हनून?”

किसनरावनं मान खाली घातली. मंजुषाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला आला तो संताप, आणि या वेळी तो कुणावर काढायला समोर माणूस नव्हतं. तिनं पाकीट पिशवीत घातलं, हात मोकळे केले.

“मंग आता इचारते. सकाळी उठल्यावर तू काय काय करते, ते सांग मले.”

“काऊन?”

“सांग त खरी.”

काकूनं आढेवेढे घेतले, पण सांगितलं. उठते, तोंड धुते. मग गोठा झाडते, आता किसनराव झाडतो आणि ती बसून सांगते. मग दूध निघतं. मग चहा.

“आन् उपास असला त?”

“उपास असला त काय? चहा त लागतेच. चहाले कायचा उपास?”

चहा! उपास असो, श्रावण असो, सण असो की सुतक, या घरात रोज होणारी एकच गोष्ट, आणि ती चौदा वर्षांत मंजुषाला सुचली नव्हती.

“मंग तोंड धुतलं का थायरॉईडची,” ती हळू म्हणाली. “पान्यासंगं. मंग गोठा, मंग दूध, मंग चहा. रोज. आन् बीपीची, रक्ताची, ह्या दोन गोळ्या रोज दुपारी, काई बी खाल्ल्यावर. पोळी खाल्ली तरी, भगर खाल्ली तरी, केळ खाल्लं तरी. आता तू मले सांग. मी काय सांगतलं?”

हा प्रश्न तिनं आजवर एकाही गिऱ्हाइकाला विचारला नव्हता.

काकूनं डाव्या हाताची बोटं दुमडत सांगितलं. “तोंड धुतलं का हे, चहाच्या आंधी. बारा महिने, उपास असो का नसो. आन् हे दोनी दुपारी खाल्ल्यावर, मंग ते भगर का असेना.” तिनं मान वर केली. “एवढंच?”

“एवढंच.”

“एवढंच होतं,” काकू म्हणाली, आणि तिच्या ओढलेल्या तोंडातून शब्द वाकडे पण स्वच्छ बाहेर पडले, “त तीन वर्षाआंधी सांगाले तोंड दुखत होतं काय तुह्यं?”

ओट्यावर कापसाचे पुंजके पडले होते आणि किसनराव उगाचच ते वेचायला लागला होता.

काकूनं डाव्या हातानं पिशवी स्वतःकडे ओढली, आतलं पाकीट काढलं, बोटांनी गोळी दाबून पाहिली आणि मंजुषाच्या मांडीवर टाकलं.

“दुपारचं जेवली मी. हे आता फोडून दे. माह्यानं एका हातानं नाई फुटत.”